ट्वीटर वाजत नाहीत

नवीन जालना
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय मच्छिंद्र,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. परवा फोनवर तुझं निम्मं बोलणं मला कळलंच नाही. वडीगोद्रीचा टॉवर दिवसेंदिवस बिघडतोय असं दिसतं, आणि तूही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतोस. म्हणून म्हटलं, कॉलेजच्या सुट्टीत आपण एकमेकांना लिहायचो तसं लिहावं. कागदावर तरी तुला अक्षरं गिळता येणार नाहीत.

काम गाडीचं आहे. बँकेच्या अंबड शाखेत माझं रोज जाणं-येणं असतं, तेवढा वेळ मी गाणं ऐकतो. स्वराने पुण्याहून तिच्या पहिल्या मैफिलीचं रेकॉर्डिंग पाठवलंय. मोठ्या हौसेने लावलं आणि निराश झालो. कंपनीने दिलेले स्पीकर म्हणजे नुसता डबा. डग्गा कळतो, पण तबल्याच्या काठावरची बारीक चाट नाही. तानपुरा गायब. पोरीचे शब्द तोंडावर पदर घेऊन म्हटल्यासारखे येतात.

इथल्या एका दुकानात विचारलं तर तो डेकसकट सगळं काढून टाका म्हणाला, वर डिक्कीत एक मोठा डबा ठेवा म्हणाला. मला डिक्कीत ढोल नकोय. डेक कंपनीचाच राहू दे, फक्त आवाज स्वच्छ व्हावा, आणि खर्च पंधरा हजारांच्या आत.

तुझा पुतण्या पप्पू याने हायवेवर गाड्यांच्या सामानाचं दुकान टाकलंय ना? मुलगा सरळ आहे का ते सांग. या धंद्यात खोकं एका मालाचं आणि आत दुसराच माल असतो, असं ऐकतो. पुतण्या आहे म्हणून काही झाकू नकोस.

तुझा,
नरहर


वडीगोद्री
१९ नोव्हेंबर २०२४

नरहर, रामराम.

तुझं पत्र पोस्टमननं शेतात आणून दिलं. त्याला वाटलं कोर्टाचं काही असंल.

टॉवरचं म्हणशील तर बाकीच्यांचे फोन बराबर लागून राह्यले. असो. मला लिहायला आवडतंय, बायको हसती तेवढंच.

पप्पूला मी विचारलं. तो संभाजीनगरला एका दुकानात शिकला, हात चांगला हाये. त्याचं म्हणणं असं, की गाडीचा आवाज पुढच्या दोन दारांत असतो. मागच्या स्पीकरवर आणि डिक्कीवर पैसे घालायचे न्हाईत. पुढच्या दारांत चांगल्यापैकी जोडी बसवायची. जाड आवाज दारातून अन् बारीक आवाज वरच्या काचेजवळच्या छोट्या स्पीकरातून येतो, त्याला ते ट्वीटर म्हणतात. दाराच्या पत्र्याला आतून डांबरासारखी चिकट शीट लावायची, म्हणजे पत्रा थरथरत न्हाई. उरलेल्या पैशात आवाजाला जोर देणारा, सीटखाली बसंल असा छोटा अ‍ॅम्प. डेक तुझाच राहील.

तो सरळ हाये का, हे मी काय सांगू? घरातला हाये. पण तू येशील त्या दिवशी मी स्वतः दुकानात बसतो अन् खोकं माझ्यासमोर फोडायला लावतो. मंग तर झालं?

स्वराला आशीर्वाद सांग.

मच्छिंद्र


नवीन जालना
१५ डिसेंबर २०२४

प्रिय मच्छिंद्र,

स्पीकर बसवले त्या दिवशी तुझ्या घरचं जेवण उत्तम झालं, शेवग्याची आमटी शरयूला अजून आठवते. पण गाडीबद्दल मला बरं लिहिता येत नाही.

जाड आवाज सुधारला, हे मान्य. दार आता पूर्वीसारखं खडखडत नाही. पण ट्वीटर वाजत नाहीत. मी एकेकाला कान लावून पाहिला. अगदी चिकटवला तेव्हा कुठे काहीतरी कुजबुज जाणवली. घरी परत येताना स्वराचं रेकॉर्डिंग लावलं, तर तोच पदर तोंडावर.

मी शनिवारी एकटाच परत गेलो होतो, तुला सांगितलं नाही. पप्पूने गाणं लावलं, आवाज वाढवला आणि म्हणाला, काका, वाजून राह्यले की. मी म्हटलं, कुठे? तर दुकानात बसलेल्या दोघांनी कानांवर हात ठेवले आणि एकमेकांकडे बघून हसले. मच्छिंद्र, मी तीस वर्षं बँकेत आहे. अशी माणसं आधीपासून बसवून ठेवलेली असतात, हे मला समजतं. गिऱ्हाइकाने तक्रार केली की त्याला चार लोकांत वेडा ठरवायचा.

खोकं तुझ्यासमोर फोडलं, हे खरं. पण खोक्यातून निघालेली वस्तूच दारात गेली, हे तू पाहिलंस का? आपण तेव्हा तुझ्या घरी जेवायला गेलो होतो.

रागाच्या भरात आणखी एक झालं. स्वराने फोनवर विचारलं, बाबा, गाणं कसं वाटलं? मी म्हटलं, तुझा वरचा आवाज बसलाय, रियाज कमी पडतोय. तिने फोन ठेवून दिला. नंतर शरयू म्हणाली, असं बोलायला नको होतं. पण मी खोटं कशाला बोलू?

नरहर


वडीगोद्री
२९ डिसेंबर २०२४

नरहर, रामराम.

तुझं पत्र वाचून मला दोन दिवस झोप न्हाई. आपण जेवायला गेल्तो ही गोष्ट बराबर हाये, अन् ती माझ्या डोक्यात घुसली. सख्ख्या पुतण्यावर संशय घ्यायचा म्हणजे काय असतं, ते तुला काय सांगू.

तरी घेतला. पप्पू माल आणायला संभाजीनगरला गेल्ता, तवा दुकानाची चावी मागून घेतली. तुझ्या गाडीतून काढलेले जुने स्पीकर तिथं पडलेले होते. नव्या मालाची दुसरी जोडी मात्र कुठंच न्हाई. मंग तो आल्यावर सरळच विचारलं, की नरहरच्या दारात तू काय बसवलं. त्यानं माझ्याकडं असं पाह्यलं, की मला मान खाली घालावी लागली. म्हणाला, "काका, मी पुढच्या टायमाला त्यांची दारं तुमच्यासमोर खोलतो. पण मंग तुम्ही दोघं माझ्या दुकानात परत पाय ठेवू नका."

त्यालाही तुझ्यावर संशय हाये, हे तुला सांगून ठेवतो. त्याला वाटतं, तू माल वापरून पैसे परत घ्यायच्या नादात हायेस.

एक विचारू? तू गाणं कोणत्या आवाजावर ऐकतो? तुम्ही आमच्या अंगणातून निघाल्यावर तुझं गाणं पार बस स्टँडापर्यंत ऐकू येत होतं, असं घरचे म्हणत होते.

मच्छिंद्र


नवीन जालना
१७ जानेवारी २०२५

मच्छिंद्र,

आवाज मोठा ठेवतो कारण ट्वीटर वाजत नाहीत. उलटे प्रश्न मला विचारू नकोस.

मी गाडी इथल्या दुसऱ्या दुकानात दाखवली. त्याने दाराचं पॅड खोललं, माझ्यासमोर तपासलं आणि म्हणाला, माल ओरिजिनल आहे, फिटिंग चांगलं आहे, तुम्ही उगाच काळजी करता. मला आधी बरं वाटलं. मग बोलता बोलता कळलं, की तो आणि पप्पू संभाजीनगरला एकाच दुकानात शिकले. आता यावर मी काय समजायचं?

आणखी एक कळलं. पप्पूच्या दुकानाची जागा तुझ्या नावावर आहे. तू हे मला कधी सांगितलं नाहीस. मी तुला विश्वासाने विचारलं, मुलगा सरळ आहे का, आणि तू "घरातला आहे" एवढंच लिहिलंस. त्याचा अर्थ मला आता लागतोय.

मी कॉलनीच्या आणि बँकेच्या ग्रुपवर दुकानाच्या बोर्डाचा फोटो टाकून लोकांना सावध केलं आहे. ग्राहक मंचात तक्रार करायची तयारीही चालू आहे. यात मैत्री आणू नकोस.

नरहर कुलकर्णी


वडीगोद्री
२ फेब्रुवारी २०२५

नरहर,

जागा माझ्या नावावर हाये, कारण वडलांनी ती माझ्या नावावर केल्ती. भाडं मी घेत न्हाई. तू विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तुझ्या त्या फोटोमुळं अंबडच्या दोन गाड्यांनी काम रद्द केलं. पप्पू माझ्याशी बोलत न्हाई. त्याची आई माझ्या बायकोशी बोलत न्हाई. आपल्या दोघांच्या पत्रांपायी एका घरात दोन चुली झाल्यासारखं झालंय.

मंचात जायच्या आधी एक कर. येत्या रविवारनंतरच्या रविवारी संकष्टी हाये. मी जालन्याला येतो, तुझ्या गाडीत तुझ्याशेजारी बसतो, आपण राजूरच्या गणपतीला जाऊन येऊ. वहिनींनाही घे. जाता-येता मी माझ्या कानांनी ऐकतो. वाजत नसंल तर मी स्वतः तुझ्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून सही करीन, पुतण्या असो की कोणी.

मच्छिंद्र


वडीगोद्री
२० फेब्रुवारी २०२५

नरहर,

राजूरहून येताना मी गप्प होतो, त्याचा तुला राग आला असंल. तू तीनदा विचारलं, वाजतात का सांग. मी म्हटलं, लिहून कळवतो. वहिनींसमोर मला बोलायचं नव्हतं, अन् खरं सांगायचं तर भ्या वाटलं. आता लिहून राह्यलो, ते पूर्ण वाच.

राजूरच्या रस्त्याला लागल्यावर आपल्या मागं अ‍ॅम्ब्युलन्स आल्ती. तुला ती आठवती ती एवढीच, की एकदम बाजूनं घुसली अन् आरशाला घासून गेली, अन् तू ड्रायव्हरला शिव्या दिल्या. पण ती कितीतरी आधीपासून मागं होती. सायरन वाजून राह्यला होता. मी तुला म्हटलं, बाजूला घे. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडलो, तवा तू गाण्याचा आवाज कमी केला अन् मला म्हणाला, "ओरडतोस कशाला? बोल ना." आवाज कमी केल्यावरही सायरन चालूच होता, नरहर. तू आरशात पाह्यलंसुद्धा न्हाई. आत कोणाचं तरी माणूस होतं.

मंग मी दिवसभर तुझ्याकडं लक्ष ठेवलं. देवळाबाहेर हार विकणारी बाई म्हणाली, चपला इथंच काढा. तू तिला म्हणाला, जास्वंद नको. मी रांगेत तुझ्या मागं उभा राहून तुला नावानं हाक मारली, एकदा न्हाई, बऱ्याच वेळा. माझ्या पुढची माणसं वळून पाहू लागली. तू वळला न्हाई. वहिनींनी दंडाला हात लावला तवा वळला. देवळातली मोठी घंटा मात्र तू बराबर ऐकली, हात जोडले.

येताना तू स्वराचं गाणं लावलं. तानपुरा वाजत होता. तबल्याची चाट वाजत होती. पोरीचा वरचा आवाज इतका साफ होता की माझ्या अंगावर काटा आला. माझ्यासारख्याला गाण्यातलं काय कळतं, पण तिचा आवाज बसलेला न्हाई, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

पप्पूचे स्पीकर चांगले हायेत. तू तुझे कान तपासून घे.

मच्छिंद्र


नवीन जालना
२२ मार्च २०२५

मच्छिंद्र भाऊजी,
सप्रेम नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. महिनाभर यांच्याकडून काही आलं नाही, म्हणून तुम्ही काळजीत असाल.

तुमचं पत्र यांनी वाचलं, घडी घातली आणि कपाटात ठेवलं. मला दाखवलं नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, पुतण्याला वाचवायला माणूस कुठल्या थराला जातो बघ. मी विचारलं, काय लिहिलंय? तर म्हणाले, तुला माहीत असेलच, तुम्ही दोघं राजूरला काय कुजबुजत होता? भाऊजी, आपण कुजबुजत नव्हतो. आपण नेहमीसारखंच बोलत होतो.

तेव्हापासून ते माझ्याशीही तुटक वागू लागले. टीव्हीचा आवाज मोठा, शेजारी येऊन सांगून गेले, तर शेजाऱ्यांवरही राग.

एक तुमच्याजवळ बोलते. दोन-तीन वर्षं झाली, मी काही विचारलं की हे उत्तर देत नसत. स्वयंपाकघरातून हाक मारली तर गप्प. मला वाटायचं, ऐकू येऊनही बोलत नाहीत. माझ्या बोलण्यात यांना आता रस उरला नाही, असं मी मनाशी धरून बसले होते. मीही मग बोलणं कमी केलं. आमच्या घरात भांडण झालं नाही, पण बोलणं संपत आलं होतं. कानांचा विचार माझ्या मनाला शिवला नाही, याचं आता फार वाईट वाटतं.

होळीला स्वरा आली. तिच्या बाबांच्या त्या बोलण्यानंतर तिने दोन कार्यक्रम नाकारले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. ती रागावून आली होती. आल्याबरोबर म्हणाली, "बाबा, गाडीत बसा. कुठे आवाज बसलाय ते मला दाखवा." आम्ही तिघं अंबड रोडने निघालो, मी मागे. यांनी रेकॉर्डिंग लावलं आणि एका जागी बोट वर केलं. हे बघ, म्हणाले, इथे. शब्दही पुसट आणि सूरही.

स्वराने त्यांच्याकडे बघितलं. मग स्वतः हात पुढे करून तिने डेक बंद केला आणि तीच जागा तिथेच, त्यांच्या शेजारी बसून, गाऊन दाखवली. पूर्ण आवाजात.

यांनी गाडी बाजूला घेतली. डेककडे बघितलं. तो बंदच होता. मग म्हणाले, "परत म्हण." तिने परत म्हटलं. हे म्हणाले, "हे तर तसंच आहे. स्पीकर बंद आहेत आणि तरी तसंच आहे." परत येताना गाडी स्वराने चालवली.

मग मात्र स्वतःच डॉक्टरांकडे चला म्हणाले. तपासणीत एका बंद खोलीत बसवून कानात वेगवेगळे आवाज सोडतात. जाड आवाज त्यांना ठीक येतात, बारीक आवाज दोन्ही कानांत फार कमी. डॉक्टर म्हणाले, नसेचं आहे, वयाबरोबर हळूहळू होतं, त्यामुळे ज्याचं होतं त्यालाच शेवटी कळतं. यंत्रं लावावी लागतील, ती मापाने बनवायला दिली आहेत. तोवर गाडीची किल्ली माझ्याकडे आहे. ती त्यांनीच आणून दिली.

तुम्हाला लिहायला त्यांना तोंड नाही, असं मला वाटतं. तुम्ही त्यांच्यावर रागावलात तर मी काही म्हणणार नाही. पण पत्र लिहिणं बंद करू नका.

आपली,
शरयू


वडीगोद्री
३१ मार्च २०२५

वहिनींना नमस्कार.

पत्र घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. पप्पूलाही बोलावलं होतं. तो ऐकून उठला अन् दुकानात गेला. त्याचं नुकसान झालंय, त्याला वेळ लागंल.

नरहरला म्हणा, मी रागावलो होतो. आता रागावलेलो न्हाई, पण अजून पहिल्यासारखाही न्हाई. त्यानं स्वतः लिहावं.

मच्छिंद्र


नवीन जालना
२८ एप्रिल २०२५

प्रिय मच्छिंद्र,

काल मी वडीगोद्रीला येऊन गेलो. तू बिडकीनला लग्नाला गेला होतास. बरंच झालं असं आधी वाटलं, परत येताना वाटलं की तू असायला हवा होतास.

यंत्रं लावून आता काही आठवडे झाले. पहिले दिवस मला नको नको झालं. ताटात चमचा पडला तरी दचकत होतो. शरयू कागद फाडते तो आवाज, नळाचा आवाज, माझ्याच चपलांचा आवाज. मला संशय आला की डॉक्टरने यंत्र जास्त वाढवून ठेवलंय. परत जाऊन विचारलं. तो म्हणाला, लोकांना हे सगळं एवढंच ऐकू येतं. स्वराला मी फोन केला. काय बोललो ते तिच्या आणि माझ्यात राहू दे. तिने मे महिन्यातला कार्यक्रम घेतलाय, मी आणि शरयू जाणार आहोत.

शरयूशी मी रोज बोलतो. तिने मला जे सांगितलं, ते तुलाही लिहिलं असेल.

काल दुकानात पप्पू होता आणि चार गिऱ्हाइकं होती. मी मुद्दाम गर्दीची वेळ धरून गेलो. बदनामी लोकांसमोर केली, तर चूकही लोकांसमोरच कबूल करायला हवी. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की या मुलाने मला चोख माल दिला आणि मी त्याला चोर ठरवलं, कारण मला ऐकू येत नव्हतं आणि ते मला माहीत नव्हतं. पप्पू हातातलं काम न सोडता म्हणाला, "ग्रुपवर लिहा." मी म्हटलं, लिहिलंय. त्याने माझा फोन मागून घेतला आणि दोन्ही ग्रुप उघडून स्वतः वाचलं. मी त्याच्यावर जसा संशय घेतला तसाच त्याने माझ्यावर घेतला, आणि त्याला तो हक्क होता. वाचून झाल्यावर फोन परत दिला. चहा मागवला नाही. पण बसा म्हणाला.

तुझ्याबद्दलही त्याच्याशी बोललो. मच्छिंद्रने तुझ्या दुकानात चोरासारखी झडती घेतली ती माझ्यामुळे, म्हणून सांगितलं. पुढचं तुझं तू बघ.

आता शेवटचं लिहितो आणि संपवतो. यंत्रं लावल्यापासून गाडी मी कालच पहिल्यांदा चालवली, आणि तिकडे येताना अंबडच्या पुढे गाडीत एक आवाज येऊ लागला. बारीक टिकटिक. मधेच यायचा, थोडा वेळ चालायचा, आपोआप थांबायचा. आधी कधीच नव्हता. मला वाटलं, दाराच्या आत काहीतरी सैल झालंय. मग वाटलं, त्या अ‍ॅम्पची वायर असेल. आणि मच्छिंद्र, लाज वाटते पण लिहितो, मनात हेही आलं की फिटिंगमध्ये शेवटी काहीतरी राहिलंच होतं.

माफी मागून झाल्यावर मी निघालो तर दुकानातून हायवेवर वळतानाच तो आवाज परत सुरू झाला. मी तिथेच थांबलो आणि पप्पूला हाक मारली. म्हटलं, रागावू नकोस, पण ही टिकटिक ऐक. तो शेजारी येऊन बसला, मान वाकडी करून ऐकलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा मला गाडीसकट हाकलून देणार.

"काका," तो म्हणाला, "इंडिकेटर हाये हा."

मी दांडी खाली केली. टिकटिक थांबली. परत वर केली. सुरू झाली. ही गाडी घेऊन मला चार वर्षं झाली, आणि वळताना ती असा आवाज करते हे मला माहीत नव्हतं.

पप्पू उतरायला निघाला. मी त्याला म्हटलं, बस थोडा वेळ. तो बसला. मागून गाड्या हॉर्न देत होत्या, तेही ऐकू येत होते. आम्ही दोघं ती टिकटिक ऐकत बसलो.

तुझा,
नरहर